ॲल्स्टनने उघडून ठेवलेलं इंजिन

देवबाग
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय रोशेल,

सासूचा फोन तू उचलत नाहीस. तुझ्या जागी मीही उचलला नसता. म्हणून पत्र लिहिते. बत्तीस वर्षं शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं, मायना कुठे, मजकूर कुठे, सही कुठे. आज मायना लिहून तासभर नुसती बसून आहे.

कामाचं तेवढं सांगते. गुरुवारी पप्पांनी भंगारवाला बोलावला. मला विचारलं नाही. मी मालवणहून बाजार घेऊन आले तर मांगराच्या शेडसमोर टेम्पो उभा आणि दोन माणसं माझ्या ॲल्स्टनने खोलून ठेवलेलं इंजिन उचलायला वाकलेली. मारुती गाडी तशीच नारळाखाली आहे, बॉनेट उघडं, आत पोकळी. मी पिशवी खाली टाकली आणि जाऊन इंजिनवर बसले. चौसष्ट वर्षांची बाई, चांगली इस्त्रीची साडी, आणि खाली ते तेलकट लोखंड. भंगारवाले हसू दाबत होते.

पप्पा म्हणाले, "ऊठ गो. तो जावन सतरा महिने झाले. आता कोण जोडतलो ता?"

"मी जोडतलंय," मी म्हटलं.

बोलून गेले. पप्पांनी टेम्पो परत पाठवला आणि व्हरांड्यात जाऊन बसले. त्यानंतर बोललेले नाहीत. आम्ही नवरा-बायको दोघंच घरात, पण तसेही ते माझ्याशी कमीच बोलतात. वय झालं, दुसरं काय.

मसुऱ्याचे दाजी तुला आठवत असतील. पप्पा एसटीत ड्रायव्हर होते तेव्हा ते मालवण डेपोत मेकॅनिक होते. त्यांना निरोप धाडला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तरी बारीक दिसत नाही त्यांना. इंजिनवरून हात फिरवून म्हणाले, "बाई, डोळे तुमचे, कान माजे. जमात."

ॲल्स्टनने सगळं नीट ठेवलं होतं. माझ्या जुन्या सुती साडीचे तुकडे करून, तेलात भिजवून, एकेक भाग गुंडाळलेला. बोल्ट बिस्किटांच्या डब्यांत, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. अक्षर तसंच, कोंबडीचे पाय. पण खाऱ्या वाऱ्यापुढे तेल किती टिकणार. ब्लॉकच्या तिन्ही सिलिंडरना आतून गंज चढलाय. आणि क्रँकशाफ्ट नाही. म्हणजे पिस्टनच्या दांड्या ज्याला जोडतात आणि जो फिरतो तो मुख्य दांडा. तो घासायला त्याने कुडाळला कुठे तरी दिला होता. कुठे, ते त्याच्या निळ्या वहीत असणार, आणि वही तू त्याच्या कपड्यांबरोबर नेलीस. त्या पानाचा फोटो दाजींच्या फोनवर पाठवशील का? नंबर खाली देते. मला उत्तर नको.

गाडी त्याने तुझ्यासाठी उघडली होती हे तुला ठाऊक आहे. तू कुडाळला हॉस्पिटलात ड्युटीला एसटीने जायचीस, रिया कडेवर, पावसात स्टँडवर उभी. गाडी धूर ओकत होती, म्हणून म्हणाला, दोन आठवड्यांत नवीन करून देतो. दोन आठवड्यांचे तीन महिने झाले.

त्या दिवसाबद्दल काही लिहीत नाही. त्याच्या मोबाइलवर बोटवाल्याचा फोन आला आणि तो गेला. सगळ्यांना माहीत आहे.

सहीच्या वर काय लिहावं ते ठरेना. म्हणून नुसतं,
मम्मी


देवबाग
४ नोव्हेंबर २०२५

प्रिय रोशेल,

फोटो पोचला. सोबत एकही शब्द नव्हता, दाजींनी दोनदा तपासून पाहिलं. तरी आभार.

दोन तारखेला मृतांच्या दिवशी आम्ही दोघं सिमितेरीत गेलो. ॲल्स्टनच्या कबरीवरच्या खुरसाशी आधीच मेणबत्त्या लावलेल्या होत्या, अर्ध्या जळलेल्या, आणि पिवळी शेवंती. पप्पा म्हणाले, "रोशेल इल्ली." म्हणजे तू पहाटे माहेराहून, दोडामार्गहून निघून आलीस, आमच्या घराच्या वाटेवरून गेलीस, आणि तशीच परत गेलीस. मी खुरसावरची फुलं सरकवली नाहीत. माझी बाजूला ठेवली.

काल दाजींबरोबर कुडाळला गेले. लेथवाला एमआयडीसीच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये. नाव अजय. तुमच्याच वयाचा. दाजींनी सांगितलं, देवबागच्या मारुतीचा क्रँक. तो लगेच फळीवर चढला आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला दांडा खाली काढला. घासून तयार. वर ग्रीस फासलेलं. दर पावसाळ्यात नवीन ग्रीस लावतो म्हणाला. प्लॅस्टिकवर खडूने लिहिलेलं, "ॲल्स्टन, अर्जंट."

"स्वतः नाय इलो तो? माका सांगल्यान आठ दिवसांत येतंय म्हणान."

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, रोशेल. सतरा-अठरा महिने तो माणूस त्याची वाट बघत होता. मी म्हटलं, "तो येणार नाही. मी न्यायला आले. मी त्याची आई." शाळेतल्यासारखी शुद्ध भाषा का आली तोंडात कुणास ठाऊक. त्याने मशीन बंद केली. शेडमध्ये एकदम शांत झालं. मग त्याने मला बसायला स्टूल दिलं.

ब्लॉकही त्याच्याकडे ठेवून आलो. सिलिंडर आतून घासून एक माप मोठे करावे लागतील आणि पिस्टनही तेवढेच मोठे आणावे लागतील. गंज खोल गेलाय.

आणखी एक. सिमितेरीत त्या दिवशी मी तुला जे बोलले, ते दुःखात बोलले. पोटचा पोर खड्ड्यात उतरवताना आई काय बोलते याला धरबंध नसतो. हे तूही आई आहेस म्हणून समजशील.

मम्मी


देवबाग
२८ नोव्हेंबर २०२५

प्रिय रोशेल,

गेले दहा दिवस व्हॉल्व्ह घासते आहे. सहा आहेत. प्रत्येकाच्या कडेला खरखरीत मलम लावायचं, काठीच्या रबरी वाटीने तो पकडायचा आणि दोन तळव्यांमध्ये काठी घुसळायची, ताक घुसळतात तशी. कडेवर सगळीकडून एकसारखी राखाडी रेघ उमटेपर्यंत. मला वाटलं झालं, की दाजी त्यात रॉकेल ओततात. खालून थेंब आला की म्हणतात, "पाझारता. परत." तिसऱ्या व्हॉल्व्हला चार वेळा परत केलं. नखांतलं काळं जात नाही. रविवारी कम्युनियनला हात पुढे करायची लाज वाटली.

दाजींना राग येत नाही. डेपोत चाळीस वर्षं दुसऱ्यांनी बिघडवलेलं दुरुस्त केलं म्हणून असेल.

काम करताना इंजिन बाहेर काढलं तो दिवस आठवत राहतो. तुला आठवतो? मांगराच्या तुळईला चेन-कप्पी बांधली होती. पप्पा चेन ओढत होते, ॲल्स्टन बॉनेटमध्ये अर्धा आत, तू बॅटरीचा उजेड धरून उभी, आणि रिया माझ्या मांडीवर बसून "वर, वर" ओरडत होती. इंजिन सुटून वर आलं, हवेत हळूहळू फिरलं, तेव्हा ॲल्स्टन तुला म्हणाला, "बग, तुजी गाडी हलकी झाली." तू म्हणालीस, "आणि तुजां डोक्यां?" सगळे हसलो होतो. मीसुद्धा. आपल्या घरात त्यानंतर तसे सगळे एकदम हसलेले मला आठवत नाहीत.

एक गोष्ट चुकीची लिहिली होती, ती सुधारते. फोन त्याच्या मोबाइलवर आला नव्हता. माझ्या मोबाइलवर आला. तुला तेव्हा तसं सांगितलं गेलं कारण घाईत, रडारडीत, कोण काय बोलतंय कळत नव्हतं. फार फरक पडत नाही, पण लिहून ठेवते.

मम्मी


देवबाग
२३ डिसेंबर २०२५

रोशेल,

तुला पाठवलेलं पार्सल आज परत आलं. वर शिक्का, "घेण्यास नकार."

नाताळच्या गोड नेवऱ्या होत्या, दोदोल होतं आणि रियासाठी फ्रॉक. माप अंदाजाने शिवलं होतं, आता केवढी झाली माहीत नाही.

नाताळ सुखाचा जावो.


देवबाग
१८ जानेवारी २०२६

प्रिय रोशेल,

हे पत्र पूर्ण वाच. मागची फाडली असलीस तरी हे वाच.

काल पिस्टन बसवले. क्रँकशाफ्ट आधीच ब्लॉकमध्ये बसला होता, हाताने ढकलला तरी लोण्यातून फिरल्यासारखा फिरत होता. पिस्टन वरून सिलिंडरमध्ये सोडायचा, खाली त्याच्या दांडीचं अर्धं तोंड क्रँकला मिठी मारतं, आणि उरलेलं अर्धं, त्याला कॅप म्हणतात, खालून लावून बोल्ट आवळायचे. प्रत्येक दांडीची कॅप तिचीच, आणि तिची दिशाही ठरलेली. उलटी बसली तर क्रँक आवळला जातो. हे दाजींनी मला दहा वेळा सांगितलं होतं.

पहिला त्यांच्यासमोर बसवला. मग ते पप्पांबरोबर चहाला गेले. मला वाटलं, तोवर दुसरा मी एकटीने करून दाखवीन. केला. तिसरा ते आल्यावर झाला. मग दाजींनी पाना लावून क्रँक फिरवायला घेतला तर हलेना. त्यांनी एकेक कॅप सैल केली. दुसरी सैल करताच क्रँक सुटला. कॅप हातात घेऊन त्यांनी बोट फिरवलं.

"ह्या उलटां बसला, बाई. कोणी बसयल्यान?"

आणि रोशेल, मी म्हटलं, "ॲल्स्टनने खूणच चुकीची मारलेली असणार."

विचार करून बोलले नाही. आपोआप आलं तोंडात, जसा हात भाजला की मागे येतो. दाजींनी कॅप माझ्या हातात दिली. ब्लॉक थोडा कलता केला आणि माझं बोट धरून दांडीच्या कडेवर ठेवलं. ॲल्स्टनने पंचने टिंब मारलेले. पहिल्या दांडीला एक, कॅपलाही एक. दुसरीला दोन आणि दोन. तिसरीला तीन आणि तीन. अक्षर कोंबडीचे पाय, पण टिंब छापल्यासारखे एका रेषेत. बघितलं असतं तर चुकलं नसतं. मी बघितलं नव्हतं.

मांगराच्या दारात पप्पा उभे होते. हातात माझा चहा. म्हणाले, "आदी त्या चेडवाक पुढे केलंस. आता मेलेल्याक?"

कप खाली ठेवला आणि गेले. ती मुलगी म्हणजे तू.

दीड वर्षात ते माझ्याशी इतकं बोलले नव्हते. तुला वाटत असेल, पप्पा दुःखाने गप्प झालेत. नाही. पप्पांनी त्या दिवशी सगळं ऐकलं होतं. ते माझ्यामुळे गप्प आहेत.

आता लिहिते.

२४ मे, शुक्रवार. रियाचा कान दुखत होता, तिला घेऊन तू सकाळच्या गाडीने मालवणला निघालीस. जाताना स्वयंपाकघराच्या दारात थांबलीस. म्हणालीस, "मम्मी, तेका ताप आसा. आत्ता डोळो लागलो. तेचो फोन मी बंद केलंय. कोणाचो फोन इलो तरी उठवू नकात." मी हो म्हटलं. मी डाळीला फोडणी देत होते, तुझ्याकडे बघितलंही नाही.

अकराला माझा मोबाइल वाजला. बोटवाला. संगमाजवळ एक बोट इंजिन बंद पडून अडकली आहे, आत पाच पर्यटक, भरती फिरतेय, दुसरा मेकॅनिक हाताशी नाही, ॲल्स्टनला पाठवा. मी खोलीत गेले. तो लहानपणी निजायचा तसा तोंड उघडं टाकून निजला होता. कपाळाला हात लावला. चांगला तापलेला होता. हे मला हाताला कळलं होतं, रोशेल. मी त्याला हलवलं.

तो म्हणाला, "मम्मी, वायच निजाक दी."

मी म्हटलं, "लोक काय म्हणतले? काल बायलेन झगडां केल्यान म्हणान घरात निजान ऱ्हवलो, असां म्हणतले."

आदल्या सांजेला तुम्ही दोघं इंजिनावरून भांडला होता, ते मी ऐकलं होतं. तू फक्त एवढंच म्हणालीस की मला गाडी नको, मला संध्याकाळी घरात तू हवास. भांडणसुद्धा म्हणता येणार नाही त्याला. ते मी त्याला उठवायला वापरलं.

तो उठला. तांब्याभर पाणी प्याला. शर्ट उलटा घातला होता, मी सांगितलं तर दारात सुलटा केला. गेला. ती बोट त्याने चालू करून दिली, पाचही जण सुखरूप किनाऱ्याला लागले. परतताना खाडीच्या मुखाशी लाटेने त्याची होडी उलटली. देवबागचा पोर, पाचव्या वर्षापासून खाडीत पोहणारा. अंगात ताप नसता तर आला असता पोहून.

संध्याकाळी तू मला विचारलंस, फोन कोणी घेतला. मी म्हटलं, "तेच्याच फोनार इलो. कोणाक सांगूक नाय, तसोच गेलो." तू म्हणालीस, "मी बंद केल्लो फोन." मी म्हटलं, "तेना चालू केल्यान असतलो." दाजींना दिलं तसंच उत्तर. आणि दुसऱ्या दिवशी सिमितेरीत सगळ्या गावासमोर तुझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्येना झगडां केल्यान. त्याच डोक्यान तो गेलो." मातीचा पहिला ढेकूळ पडायच्या आधी. सातव्या दिवसाच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, तू बसलीस त्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. महिन्याभरात रियाला घेऊन तू माहेरी गेलीस आणि मी गावाला सांगितलं, बघा, थांबलीही नाही.

फादरकडे मी कुमसार केलाय. कबूल केलं, त्यांनी प्रार्थना दिल्या, मी म्हटल्या. एक संध्याकाळ हलकं वाटलं. नंतर कळलं, माझं ओझं उतरलं असेल तर ते माझ्यापुरतं. तुझ्या डोक्यावर मी ठेवलेलं तिथेच आहे.

माफी मागत नाही. मागितली तर तुला ती द्यायची की नाही ठरवावं लागेल, म्हणजे आणखी एक काम मी तुझ्यावर टाकीन.

बर्नादेत


देवबाग
१ फेब्रुवारी २०२६

प्रिय रोशेल,

बुधवारी तू पप्पांना फोन केलास. ते व्हरांड्यात उभ्याने ऐकत होते. मग आत येऊन, भिंतीकडे बघत, तू सांगितलेलं त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. "उठयलात तेचो राग नाय. मी नर्स, पाच माणसां अडाकली म्हटल्यार मीव उठयलां असतां. पण थंय सिमितेरीत बोट दाखयलात. जंय बोललात थंयच बोला. मी येवचंय नाय."

तू येणार नाहीस हे बरोबर. मी तुझ्याकडे बघून बोलले असते तर लोक तुझं तोंड बघत राहिले असते.

आज केलं. कसं झालं ते तुला कळायला हवं.

फादरना आधी सांगितलं होतं. ते म्हणाले, मिस्साच्या शेवटी माइकवर बोला. मी म्हटलं, नको, तिथे मी बोलले नव्हते. मिस्सा संपल्यावर लोक बाहेर पडत होते, मी सिमितेरीच्या फाटकात उभी राहिले आणि शाळेत प्रार्थनेला बोलवायचे त्या आवाजात म्हटलं, सगळ्यांनी इकडे या. अर्धं गाव माझ्या हाताखालून शिकलेलं, आले. काहींना वाटलं, ॲल्स्टनच्या नावाच्या मिस्साचं काही असेल.

पाठ करून गेले होते, ते सगळं विसरले. शुद्ध मराठीत सुरू केलं, दुसऱ्या वाक्याला मालवणी झालं. सांगितलं की रोशेलीन त्येका उठवू नकात म्हणान सांगल्यान होता. मी उठयलंय. ताप आसा हां माका ठावक होता. आणि हय उबी ऱ्हवान मी त्या चेडवार घातलंय. ता खोटां होता.

मागे कुणाचं तरी मूल रडत होतं, त्याला घेऊन आई बाजूला गेली. मग शेजारची सिल्व्हिया पुढे आली, माझा दंड धरला, म्हणाली, "जावंदे गो बर्नादेत, झाला ता झाला. पोटचो झील गेलो तुजो." मी तिचा हात काढला. म्हटलं, "सिल्व्हिया, सातव्या दिसा तू तिच्या बाकार बसलंस नाय." ती थांबली. "तुयाच सांगलंस म्हणान आमी..." एवढं म्हणून वळून गेली. तिच्यामागून बाकीचेही गेले, एकेक, दुकटे, कुजबुजत. कॉनरॅड मास्तर, ज्यांच्याबरोबर मी वीस वर्षं एका शाळेत होते, माझ्या शेजारून गेले आणि "देव बरें करूं" सुद्धा म्हणाले नाहीत.

रागावण्यासारखं काही नाही. तुझ्याशी हे सगळे असेच वागले, आणि तू तर काहीच केलं नव्हतंस.

पप्पा फाटकाबाहेर थांबले होते. घरापर्यंत आम्ही चालत आलो. ते पुढे, मी मागे. पण रस्ता ओलांडताना ते थांबले, मी येईपर्यंत.

बर्नादेत


देवबाग
२२ फेब्रुवारी २०२६

प्रिय रोशेल,

आंगणेवाडीच्या जत्रेमुळे दाजी आठवडाभर आले नाहीत. ते आल्यावर इंजिन गाडीत बसवलं. चेन पप्पांनी ओढली. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतः मांगरात आले, चेनला हात घातला आणि दाजींना म्हणाले, "खंय थांबूचा ता सांग." तिघांत मिळून दोन दिवस लागले.

काल चालू केलं. आधी प्लग काढून नुसतं स्टार्टरवर फिरवलं, तेल वरपर्यंत चढावं म्हणून. स्टिअरिंगमागचा तेलाचा लाल दिवा विझला तसे प्लग लावले. पप्पा चावीवर. तिसऱ्या खेपेला इंजिनाने धरलं. पांढरा धूर आला, वाटलं गेलं सगळं, पण ते आम्ही जोडताना फासलेलं तेल जळत होतं. पाच मिनिटांत धूर गेला. दाजींनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले, आणि बराच वेळ ऐकलं. म्हणाले, "बरां चलता. ॲल्स्टनान मोजमाप बरां केल्ल्यान."

मला वाटलं होतं तो आवाज ऐकल्यावर काहीतरी होईल. इतके महिने त्या आवाजासाठी केलं. इंजिन चालू झालं, एवढंच झालं. मी आत जाऊन भात लावला.

गाडीबद्दल तुझा निरोप पप्पांनी सांगितला. "पप्पांनी घेवन येवची. एकट्यान." बरं. पुढच्या शनिवारी निघतील. त्यांनी दोन वर्षांत स्टिअरिंग धरलेलं नाही, म्हणून आता रोज सकाळी तारकर्लीपर्यंत जाऊन येणार आहेत. हजार किलोमीटर होईपर्यंत जोरात पळवू नकोस, साठच्या आत ठेव. हजार झाले की तेल बदल. दाजींनी सांगितलंय म्हणून लिहिलं.

फ्रॉक पाठवत नाही. लहान झाला असेल.

बर्नादेत


देवबाग
३ मार्च २०२६

प्रिय रोशेल,

पप्पा काल संध्याकाळी एसटीने परत आले. तीन दिवस राहिले तुमच्याकडे. तू त्यांना राहू दिलंस, त्यांच्या पायाला औषध लावलंस, हे त्यांनी सांगितलं.

ते हातपाय धुऊन आत आले आणि टेबलाशी माझ्या समोर बसले. दीड वर्ष ताट व्हरांड्यात न्यायचे. मी माशाची कढी वाढली. जेवता जेवता त्यांनी सांगायला सुरुवात केली, एकेक, मधेच घास घेऊन. रियाचे पुढचे दोन दात पडलेत. ती शाळेत रबराच्या झाडांवर चार ओळी लिहिते. गाडी दारात उभी राहिल्यावर तू लगेच बाहेर आली नाहीस. मग आलीस, बॉनेटवर हात ठेवलास, इंजिन अजून गरम होतं, आणि हात तसाच ठेवून बराच वेळ उभी राहिलीस. रविवारी तू रियाला घेऊन धरणापर्यंत चालवून आलीस. येताना तुझे डोळे लाल होते, पण तू म्हणालीस, "पप्पा, बरी चलता." तू सोमवारी गाडीने गोव्याची बॉर्डर ओलांडून ड्युटीला गेलीस. हे सगळं त्यांनी मला दिलं. मी विचारलं नव्हतं.

कढी गार होत होती.

म्हणाले, निघताना रिया त्यांचा हात सोडेना. तिने विचारलं, "आजोबा, तुमच्या घरात तुमच्यावांगडा कोण आसा?"

त्यांनी म्हटलं, "तुजी आजी."

"मगे ती कित्याक इली नाय?"

पप्पा म्हणाले, तेवढ्यात एसटी आली, मी चढलो.

रोशेल, मी रात्रभर त्याचं उत्तर शोधलं. मी असं शिकवायचे, की मुलांना पेलेल तेवढंच सांगावं. आजी आजारी आहे, आजी म्हातारी आहे, आजीला प्रवास झेपत नाही. अशी वाक्यं मला झटकन सुचतात. इतकी झटकन, की भीती वाटली.

ती परत विचारील. मुलं विसरत नाहीत. तेव्हा माझ्यासाठी काही झाकू नकोस. तिला समजेल अशा वयात, तुला जमेल तेव्हा, जे झालं ते सांग. तिच्या बाबाला ताप होता, तिच्या आईने त्याला निजू दे म्हटलं होतं, आणि तिच्या आजीने उठवलं. आणि मग आजी खोटं बोलली. एवढंच. पुढे तिला माझ्याबद्दल काय वाटायचं ते तिचं तिला वाटू दे.

बर्नादेत